दाराच्याच अंगाला पंखा

मी हेलिकॉप्टरमधून प्रवास केला आहे, पण हेलिकॉप्टर पाहिलं नव्हतं. हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

माझं सासर राजेगावच्या अलीकडे, बाघ नदीच्या काठावर. आम्ही नवरा-बायको बालाघाटला राहतो, पण पोळ्याला गावी जायचंच. त्या वर्षी यांना शाळेतून सुटी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच रजा टाकून दोन दिवस आधी गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नदी गावात शिरली. कुठून आणि कशी, हे कळायच्या आत अंगणात गुडघाभर पाणी झालं. दहा वाजेपर्यंत आम्ही वीसेक माणसं शाळेच्या गच्चीवर होतो. मी, सासूबाई आणि शेजारपाजारचे. दुपारी हेलिकॉप्टर आलं. ते डोक्यावर येऊन उभं राहिलं तेव्हा असा वारा सुटला की ओल्या साडीसकट माणूस उडून जाईल. मी डोळे मिटले. ते उघडले थेट बालाघाटला, पायाखाली मैदान लागलं तेव्हा.

मधल्या वेळाचं माझ्याकडे फार थोडं आहे. छातीत घुमणारा आवाज, तेलकट वास आणि एक गोष्ट. शिपाई दोरावरून गच्चीवर उतरला तेव्हा मी सासूबाईंना पुढे केलं. त्यांना आधी वर पाठवलं, मग मी गेले. हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. लग्नकार्यात कुणीतरी नव्या सुनेला माझ्याकडे बोट दाखवून हे सांगतंच.

पुरात गावचं मातीचं घर बसलं आणि सासूबाई आमच्याकडे कायमच्या आल्या. तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. आमचं वाकडं कधी नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. सकाळी मी ऑफिसला जायची. सिंचन खात्याच्या नकाशा शाखेत सत्तावीस वर्षं मी कालवे, नाले, बंधारे, शेतांच्या हद्दी पारदर्शक कागदावर उतरवत आले. वरून जमीन कशी दिसते ते काढून दाखवणं, हीच माझी नोकरी होती. एकदाच ती खरोखर वरून बघायची वेळ आली आणि मी डोळे मिटून बसले. कुणाला बोलले नाही, पण हे मला लागून राहिलं होतं.

निवृत्त झाल्यावर वेळच वेळ झाला. एक दिवस मोबाईलवर कुणीतरी हेलिकॉप्टरची प्रतिकृती जोडतानाचा व्हिडिओ समोर आला. नुसते हात दिसत होते. चिमटा, ब्रश आणि करड्या प्लास्टिकचे तुकडे. मी तो तीनदा पाहिला. शेवटी तयार झालेलं हेलिकॉप्टर फिरवून दाखवलं, गोल खिडक्या, फुगीर पोट, पाच पाती. मनात आलं, आपल्याला उचललं ते असलंच असणार. सासूबाईंना दाखवलं. त्या मोबाईल लांब धरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हौ. हेच इमान." विमान म्हणा, हेलिकॉप्टर म्हणा, त्यांच्या तोंडी ते इमानच.

मी तोच संच मागवला. कुरियरवाल्यानं फाटकातून खोकं आत दिलं ते चहाच्या ट्रेपेक्षा मोठं होतं. यांनी ते हलवून पाहिलं.

"ये क्या मंगा लिया? आता या वयात खेळणं?"

"खेळणं नाही. मले पाहायचं आहे ते चालते कसं."

"मग यूट्यूब पाह्य ना," असं म्हणून ते पेपर वाचायला गेले.

खोकं उघडलं आणि माझाही धीर खचला. प्लास्टिकच्या चौकटीमागून चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला लटकलेले इवले इवले भाग. पाचशेच्या वर. शिवाय पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेली जाळी, त्यातून केसाएवढ्या पट्ट्या कापून वाकवायच्या. पुस्तिकेत एक शब्द नाही, नुसती चित्रं, आकडे आणि बाण. खोक्यावर अवघडपणाचे पाच तारे छापले होते आणि पाचही भरलेले होते. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं हे हेलिकॉप्टर होणार होतं, म्हणजे माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीहूनही जास्त.

बैठक टाकली परछीत, म्हणजे पुढच्या पडवीत. तिथे सकाळी दहापर्यंत चांगला उजेड असतो. माझी जुनी ड्रॉइंगची पाटी, ब्लेड, बारीक घासपेपर, चिमटा. खरं कठीण होतं ते डिंकाचं. हा डिंक पाण्यासारखा पातळ. दोन तुकडे एकमेकांना टेकवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं लावायचं, की तो आपला आपण फटीभर धावत जातो. पहिल्यांदा तो धावताना पाहिला तेव्हा मी दुसऱ्या तुकड्याचं विसरूनच गेले. पण एक थेंब जास्त पडला की प्लास्टिक वितळतं. पहिल्या आठवड्यात एका बाकाचा मी असा लगदा केला, आणि एक खुर्ची उलटी चिकटवून मग ब्लेडनं सोडवली.

एक दिवस चिमट्यातून एक भाग उडाला. तांदळाच्या कणीएवढा. मी गुडघ्यांवर बसून अर्धा तास फरशी चाचपली. यांना झाडू लावायची बंदी केली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची नजर आमच्या दोघांपेक्षा तेज आहे. त्या सावकाश आल्या, तुळशीच्या कुंडीजवळ वाकल्या आणि बोटाच्या टोकावर काहीतरी उचलून माझ्यापुढे धरलं.

"हे घे. तुह्या इमानाचा दाना."

त्या दिवसापासून त्यांची खुर्ची माझ्यासमोर आली.

आधी आतला भाग करायचा होता. वैमानिकांच्या जागा, मग मागची मोठी खोली, भिंतीला लागून दोन्हीकडे बाकं. मी जमीन रंगवली, बाकं लावली आणि पुस्तिकेत पुढचं पान काढलं. तिथे इंधनाची एक लांबट टाकी दाखवली होती, पण तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. लावायची तर लावा, नाहीतर राहू द्या. जागा मोकळी बरी दिसते म्हणून मी ती टाकी बाजूला ठेवली.

"ते काहून फेकलं?" सासूबाई म्हणाल्या.

"टाकी आहे. नसली तरी चालते."

"चालन कशी? मी तिलेच टेकून बसलती. पिवयी होती. हात लावला तं थंडी लागे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्हाले टाकी आठवते?"

"आठवते म्हंजे? समोर तं होती. तुह्या बाजूनंच." आणि मग, जणू घरातल्या कपाटाचं सांगावं तसं त्या सांगत गेल्या. जमिनीला लोखंडी कड्या होत्या. एका कडीला दोरी बांधलेली होती. खिडकीची काच गोल, पण तिच्यावर आतून ओरखडे. एक शिपाई पाण्याची बाटली देत होता आणि त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. आठ वर्षांपूर्वीचं. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मांडीला मांडी लागून, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी टाकी पिवळी रंगवली आणि लावली.

मग मला हावच सुटली. रोज सकाळी एकेक भाग जोडत मी त्यांना विचारायची, आणि त्या सांगायच्या. खिडक्या लावल्या त्या दिवशी विचारलं, "आई, खाली काय दिसत होतं?"

त्यांनी हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "पह्यले तं गावच नाही दिसलं. मंग इस्कूलची गच्ची दिसली, माचिसच्या डब्बीएवढी. तवा समजलं आपन कोठी हावो. धानाचं एक वावर नाही, सारं पानी. पन पानी एकासारखं नव्हतं वं. मारोतीच्या मांगं वेगया रंगाचं पानी वाहून राह्यलं होतं, लाल माती घेऊन. वाकडं, आपल्या आंब्यापासून थेट नदीकडे. नदी जुन्या वाटेनं जाऊन राह्यलती."

"जुनी वाट कोणती?"

"मी लगन होऊन आली तवा तठी नाला होता. लोकायनं बुजवला, वावर केलं. नदीले याद होती."

दुसऱ्या दिवशी मी ट्रेसिंगचा कागद काढला. त्या बोलत गेल्या आणि मी पेन्सिलनं काढत गेले. मारोती, आंबा, शाळा, वाकडं लाल पाणी. दुपारी माझ्या फायलीतला गावाचा जुना नकाशा त्याच्याखाली ठेवला. तो मीच नोकरीच्या सुरुवातीला उतरवलेला होता. त्यात मारोतीच्या मागे एक तुटक रेघ आहे, पूर्वीच्या नाल्याची. ती रेघ काढताना मला काडीचाही अर्थ कळलेला नव्हता. सासूबाईंच्या तोंडून काढलेली पेन्सिलची रेघ तिच्यावर जवळजवळ बसली. वळणासकट. मी कागद उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पाहिला. शाळेत न गेलेली बाई दहा मिनिटं खिडकीतून बघते आणि तिच्या डोक्यात मोजून काढलेला नकाशा राहतो. मी सत्तावीस वर्षं या कामात होते आणि असं मला कधी जमलं नसतं.

दिवाळीच्या सुमाराला दोन्ही कुशी जोडून शरीर बंद करायची वेळ आली. नाकात वजन भरायचं होतं, नाहीतर उभं करताच ते शेपटीवर बसणार. यांनी वैनगंगेच्या घाटाजवळून मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणून दिल्या. एव्हाना यांचीही कुचेष्टा संपली होती. येता-जाता थांबायचे, चष्मा वर करून बघायचे, म्हणायचे, "मान गए."

शरीर बंद झालं आणि ते पहिल्यांदा हेलिकॉप्टरसारखं दिसलं. मी शेपटीचा उभा पंख लावला आणि त्याच्या उजव्या बाजूला छोट्या पंख्याचा दांडा बसवून पाहत होते, चित्रात होता तसा.

"तठी नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"लहान पंखा. तठी नव्हता. दाराच्या अंगाले होता. ज्या अंगाले दार, त्याच अंगाले पंखा."

दार डाव्या बाजूला होतं. मी त्यांना पुस्तिका दाखवली. सगळ्या पानांवर पंखा उजवीकडे. खोक्यावरचं चित्र दाखवलं. उजवीकडे. त्यांनी दोन्ही नीट पाहिली आणि मान हलवली.

"हे दुसरं असन. आपलं तसं नव्हतं."

मला हसू आलं. कारखान्यात बसून ज्यांनी हे बनवलं त्यांना पंखा कुठे असतो हे कळत नसेल का? तरी दुपारी मी मोबाईल घेऊन बसले. पंचवीस-तीस फोटो पाहिले. काहींत उजवीकडे, काहींत डावीकडे. वाचत वाचत उलगडलं. या हेलिकॉप्टरची आधीची आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती यांचं शरीर सारखंच. इंजिनं बदलली तेव्हा शेपटीचा पंखा उजवीकडून डावीकडे नेला. माझा संच आधीच्याचा होता. आम्हाला उचलायला आलं होतं ते नंतरचं. दोन्हींत लांबून ओळखू येईल असा तो सगळ्यात मोठा फरक.

मी उठून त्यांच्या खोलीत गेले. त्या शेंगा सोलत होत्या.

"आई, तुमचंच बरोबर आहे. पंखा दाराच्या अंगाले."

"मंग?" असं म्हणून त्यांनी एक शेंग माझ्या हातात दिली.

शेपटीचा तो भाग कापून दुसऱ्या बाजूला न्यायला मला नऊ दिवस लागले. बारीक करवतीनं कापायचं, जुनं भोक लुकणानं बुजवायचं, घासायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं. बोटाला कळत नाही इतकं सपाट होईपर्यंत. पुस्तिकेत नसलेली गोष्ट मी त्यांच्या शब्दावर करत होते आणि मला जराही शंका नव्हती.

मग दार. दाराच्या वर एक आखूड लोखंडी हात असतो, त्याच्या टोकाला दोर गुंडाळायची चाकी. त्यातूनच शिपाई खाली येतो आणि माणसं वर जातात. तो हात माझ्या संचात नव्हता. पितळी पत्र्याचे उरलेले तुकडे आणि साडीच्या काठातला एक धागा घेऊन मी तो बनवत होते.

"असाच होता ना, आई? याच्यातून तुम्हाले वर ओढलं."

"हौ, असाच. पन पह्यले तुले."

"नाही, आधी तुम्ही. मी मागून आली."

"नाही वं. तू आधी गेलती."

मी चिमटा खाली ठेवला. "आई, मी तुम्हाले पुढे केलं होतं. सगळ्यांना माहीत आहे."

त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात काही खोचक नव्हतं, एखाद्या लहानपणच्या गमतीला हसावं तसं. "थो शिपाई पह्यले माह्याकडेच आलता. म्हातारी म्हनून. मी म्हनलं, हिले ने बाबू, हे थरथरून राह्यली. तू तं डोये मिटून त्याच्या मानेले अशी मिठी मारली का त्या बिचाऱ्याले पट्टा बांधता येऊन नव्हता राह्यला."

"तुमचा घोटाळा होऊन राहिला, आई."

"मंग मले त्याचं पोट कसं मालूम असतं?" त्यांनी टेबलावरचं हेलिकॉप्टर एका बोटानं जरासं उचललं, खालची बाजू दिसेल असं. "मी खालतूनच तं पाह्यलं. तू वर जाऊन राह्यलती, गोल गोल फिरत, अन् मी गच्चीवर पान्याच्या टाकीजवय उताणी पडून पाहून राह्यलती. वाऱ्यानं उभंच राहू देत नव्हतं. दार पाह्यलं, पंखा पाह्यला, सारं तवाच. आधी गेली असती तं कोठून दिसलं असतं?"

पंख्याची बाजू त्यांना माहीत होती, आणि ती गच्चीवर राहिलेल्या माणसालाच माहीत असू शकत होती.

मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"लागला ना भेव. पानी पायऱ्याईले आलतं. पन म्हनलं, मरायचंच असन तं निदान पाहून तं घ्याव. असं इमान पुन्हा कोन दाखवते?"

"मग इतकी वर्षं बोलल्या काहून नाही?"

"काय बोलू? लोक माह्या सुनेले चांगलं म्हनत होते. त्यात माह्यं काय गेलं?"

त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी पुढे काम झालं नाही, आणि नंतरचे आठ-दहा दिवसही नाही. हेलिकॉप्टरवर जुना टॉवेल टाकून ठेवला. लाज वाटत होती हे खरं, पण लाजेपेक्षा जास्त काहीतरी सुटत गेल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं ज्या एका आठवणीबद्दल मला खात्री होती, ती माझी नव्हती. मग ती आली कुठून?

यांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो क्या हुआ? दोघी आल्या ना घरी." त्यांच्या दृष्टीनं ते तिथे संपलं. मला मात्र कुणाला तरी खरं सांगितल्याशिवाय चैन पडेना. माझी नणंद आता गोंदियाला असते, पुराच्या वेळी ती बालाघाटलाच होती. ती ही गोष्ट सगळ्यात जास्त सांगते. मी तिला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, की त्या दिवशी मी आईंना आधी पाठवलं नव्हतं, त्यांनी मला पाठवलं होतं.

ती म्हणाली, "पण वहिनी, मले तं आईनंच सांगितलं होतं. त्याच दिवशी. मी मैदानावर आली तवा तू घोंगडं पांघरून बसली होती, काही बोलूनच नव्हती राहिली. आईच सगळ्यांना सांगून राहिली होती, माह्या सुनेनं मले आधी पाठवलं, मले आधी पाठवलं."

मी फोन ठेवला. मला ते मैदान आठवलं, घोंगडं आठवलं, हातातला गरम चहाचा पेला. आणि माझ्या डोक्यावरून चाललेलं बोलणं. मी भानावर येत होते तेव्हा तेच पहिलं कानावर पडलं असणार. मला ते आठवत नव्हतंच कधी. ऐकलं होतं.

आत जाऊन त्यांना जाब विचारावा असं क्षणभर वाटलं. दारापर्यंत गेलेही. त्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या, ओठ हलत होते, जप चालला होता. त्या मैदानावर त्यांच्या अंगावर ओलं लुगडं होतं, घर पाण्यात बसलं होतं, गोठा गेला होता. आणि त्या अवस्थेत त्यांनी बघितलं की ही सून थरथरते आहे, हिला लोक काय म्हणतील. मी परत फिरले. टॉवेल काढला आणि पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं.

तिथे मोठ्या पंख्याचं डोकं होतं. सगळ्यात अवघड म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं. पाच पाती एका मधल्या गोळ्याला येऊन मिळतात, आणि त्या गोळ्याच्या खाली एक चकती. चकतीपासून पाच काड्या वर निघतात आणि एकेका पात्याच्या मुळाशी जोडल्या जातात. काड्या पापणीच्या केसाएवढ्या. श्वास रोखून एकेक लावली. तिसरी दोनदा तुटली. पाचवी लागली त्या सकाळी मी उगीच चकती बोटानं जराशी कलती केली, आणि पुढच्या बाजूचं पातं किंचित वळलं. मागच्या बाजूचं उलटं वळलं.

मी पुन्हा केलं. मग डोकं हळूच फिरवलं. प्रत्येक पातं पुढे येताना एकदा खाली झुकत होतं आणि मागे जाताना एकदा वर होत होतं. एका फेऱ्यात प्रत्येक पातं आपला कोन बदलून पुन्हा मूळ जागी. खऱ्यात हे सेकंदाला तीन फेऱ्यांच्या वर चालतं. वैमानिक नुसती ही चकती कलती करतो, त्या बाजूला ते अख्खं धूड कलतं आणि तिकडे जातं. सगळीकडे सारखी ठेवली की ते एका जागी उभं. म्हणजे आम्ही गच्चीवर होतो तेव्हा, त्या वाऱ्यात, कुणीतरी एक माणूस ही एवढी चकती क्षणाक्षणाला इकडे जरा, तिकडे जरा करत होता, दोराच्या टोकाला मी लोंबकळत होते म्हणून. त्याचं तोंड मी पाहिलं नाही. त्याला मी ठिपक्याएवढीही दिसले नसेन. माझे डोळे भरून आले आणि मला चिमटा ठेवून बाजूला व्हावं लागलं, कारण पाणी रंगावर पडलं असतं.

"काय झालं वं?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून चकतीवर ठेवलं. त्यांनी ती हलवली. पाती वळली. त्यांनी पुन्हा हलवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बापा. एवढंसं होतं होय."

पाती लावताना त्यांनी अजून एकदा अडवलं. संचातली पाती खाली झुकलेली होती, उभ्या हेलिकॉप्टरची असतात तशी. "खाली नाही. वर उचललेली होती, थायीच्या काठासारखी." हे थाळीच्या काठाचंही मी तपासून पाहिलं. अख्ख्या यंत्राचं वजन पात्यांवर आलं की ती टोकाशी वर उचलली जातात. मी पाती गरम पाण्यात धरून एकेक उलटी वाकवली.

आणि मग ते टेबलावर ठेवता येईना. म्हणजे ठेवता आलं असतं, पण वर उचललेल्या पात्यांचं हेलिकॉप्टर जमिनीवर उभं, हे मनाला पटेना. यांनी परछीच्या छताला कडी ठोकली आणि मासे धरायच्या पारदर्शक दोरीनं ते टांगलं. शिडीवरून खाली उतरून यांनी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "अब ठीक."

सासूबाई खुर्चीत बसून वर बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"चटई आन. अन् लेट."

"इथे? आता?"

"खालतून पाह्य. मी पाह्यलं तसं."

मी चटई टाकली आणि उताणी झाले. टेबलफॅनची झुळूक वर लागत होती, मोठी पाती संथ फिरत होती. पोट राखी रंगाचं, त्याच्यावर दोन्ही अंगांना लांबट टाक्या, मधे चौकोनी झाकणं. त्यांतली दोन तर पुस्तिकेत नव्हती, त्यांनी सांगून लावलेली. उघडं दार. दारावरचा तो हात, आणि त्याच्यातून सुटलेला साडीचा धागा, हवेत जरासा हलणारा. दाराच्याच अंगाला, शेपटीच्या टोकाला, लहान पंखा.

"असंच?" मी विचारलं.

"आवाज नाही. बाकी असंच." त्यांनी हातानं खूण केली. "जराशी इकडं सरक. मी गच्चीवर पान्याच्या टाकीजवय होती."

मी सरकले.